रिसाल्याचा पगार

हिंगोली शहराच्या पत्त्यांमध्ये एक जुनी छावणी अजून नांदते आहे. पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. ऑटोवाल्याला यांतलं कुठलंही नाव सांगा, तो पुन्हा विचारत नाही. मी इथे बरीच वर्षं इतिहास शिकवला आणि नव्या वर्गाला बहुधा याच नावांपासून सुरुवात करून दिली. हा रिसाला कुणाचा होता? मुलं म्हणायची, निजामाचा. पगार कोण द्यायचं? निजामच. मग हुकूम कोण सोडायचं? इथे मुलं एकमेकांकडे बघायला लागायची.

हुकूम इंग्रज अधिकारी सोडायचे. हिंगोलीत तळ देऊन असलेली ती फौज म्हणजे हैदराबाद कंटिन्जंट. औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम ही तिची आणखी काही ठाणी. १८०० च्या तैनाती करारात एक कलम होतं : युद्धाचा प्रसंग आला तर निजामाने आपली फौज ईस्ट इंडिया कंपनीच्या मदतीला द्यावी. त्या कलमाचा आधार घेऊन रेसिडेंट हेन्री रसेलच्या काळात निजामाच्या पलटणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणल्या गेल्या, त्यांना कवायत शिकवली गेली. आरंभी तिला रसेल ब्रिगेडच म्हणत. युद्धापुरती द्यायची फौज अशी बारमाही झाली. खर्च दरसाल सुमारे ४० लाख रुपये, आणि तो सगळा हैदराबादच्या तिजोरीतून.

तिजोरीत तेवढा पैसा नसे. तेव्हा पुढे आली विल्यम पामर आणि कंपनी ही हैदराबादची सावकारी पेढी. १८१४ मध्ये ती उभी राहिली. पेढीच्या मालकाचे वडील जनरल पामर हे एके काळी पुण्याला पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होते, त्यामुळे दरबार आणि कंपनी या दोन्हींकडे या घराची ऊठबस होती. इंग्रजी कायद्याने संस्थानिकांना परवानगीशिवाय कर्ज देण्यास मनाई होती. गव्हर्नर जनरलने १८१६ मध्ये या पेढीला ती परवानगी दिली. फौजेचा पगार पेढीने भागवायचा, निजामाच्या नावे कर्ज मांडायचं, आणि त्यावर शेकडा २४-२५ पर्यंत व्याज लावायचं, असा व्यवहार सुरू झाला. १८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला, त्याने हे हिशेब उघडे पाडले आणि पेढी पुढे बुडाली. कर्ज बुडालं नाही. ते फेडायला निजामाने उत्तर सरकार प्रांतापोटी कंपनीकडून दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश सुमारे १ कोटी १६ लाखांच्या एकरकमी बदल्यात कायमची सोडून दिली. पुढे पुन्हा पगार थकला, या वेळी कंपनीने स्वतःच आगाऊ रक्कम दिली, आणि थकबाकी चाळीस लाखांवर गेल्यावर २१ मे १८५३ रोजी गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात नवा करार झाला. फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआब हे प्रांत निजामाच्या हातून कंपनीच्या कारभाराखाली गेले. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मिळालं नाही. १९०२ मध्ये ते दरसाल २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने देऊन टाकावं लागलं. त्यानंतर कंटिन्जंट भारतीय सैन्यात मिसळली गेली आणि हिंगोलीचा तळ उठला. त्या रिसाल्यांचा वारसा आज भारतीय सैन्याच्या डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटकडे आहे.

हे इतक्या तपशिलात सांगतो आहे, कारण गेली काही वर्षं उपग्रहांच्या बातम्या वाचताना मला हा हिशेब सारखा आठवतो.

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक या अमेरिकी कंपनीशी उपग्रहावरून इंटरनेट देण्यासाठी इरादापत्रावर सही केली. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. सरकारी संस्था, खेडी आणि महत्त्वाच्या सार्वजनिक सुविधा जोडायच्या, आणि सुरुवात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांपासून, केंद्राच्या परवानग्या मिळतील तशी. यादी वाचून मी थांबलो. आमच्या जिल्ह्याच्या हद्दीवरून पैनगंगा वाहते आणि कनेरगाव नाका ओलांडला की वाशिम लागतं. १८५३ च्या कराराने जे प्रांत फौजेच्या थकबाकीत गेले, त्यांत वऱ्हाडातलं वाशिम होतं आणि धाराशिवही होतं. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात कुणाचा डाव नाही. आजचं महाराष्ट्र सरकार निजामासारखं कर्जात बुडून सही करत नाही, आणि स्टारलिंक ही पामरची पेढी नाही. तरीही मुलांना विचारायचो तो तिसरा प्रश्न या इरादापत्रालाही विचारण्यासारखा आहे. सेवेचे पैसे आपण देऊ. वापर आपले लोक करतील. चालू-बंद करण्याचा हुकूम कोण सोडेल?

आधी हे सांगायला हवं की ही सेवा हवी आहे. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे आणि माझे काही विद्यार्थी तिथे भरती झाले. बंदोबस्ताला त्यांच्या कंपन्या राज्यभर फिरतात, गडचिरोलीतही जातात. सुट्टीवर आले की भेटतात. जंगलातल्या पॉइंटवर रेंज नसणं म्हणजे काय, ते त्यांच्याकडून ऐकावं. घरी आई आजारी असल्याचं दोन दिवसांनी कळतं. पुढे गेलेली तुकडी कुठे पोचली ते मागच्यांना कळत नाही. जखमी माणूस असेल तर हेलिकॉप्टरला निरोप जाईपर्यंतचा वेळ मोजावा लागतो. टॉवर उभारायला रस्ता लागतो, वीज लागते, आणि नक्षल भागात टॉवर जाळलेही गेले आहेत. जमिनीपासून साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहाला यातलं काही लागत नाही. छतावर एक लहान डिश आणि बॅटरी पुरते. अशा मुलांना ही सोय मिळू नये असं म्हणणारा माणूस त्यांच्यापैकी कुणाच्याही घरी कधी बसलेला नसणार.

सोय कितीही खरी असली तरी ती विकणाऱ्याकडे एक बटण असतं. युक्रेनच्या युद्धाने हे सगळ्या जगाला दाखवलं. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे, रशियन फौजा सरहद्द ओलांडण्याच्या सुमारे तासभर आधी, व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या केए-सॅट उपग्रहाच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला. युक्रेनच्या लष्कराचा संपर्क तोडणं हा त्यामागचा हेतू. हजारो मोडेम एका दमात निकामी झाले. त्याच जाळ्यावर जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांची दूरनियंत्रण यंत्रणाही चालत होती, तीही बंद पडली. युद्धाशी काही संबंध नसलेल्या माणसांच्या पवनचक्क्या. दोन दिवसांनी युक्रेनच्या मंत्र्याने जाहीरपणे मदत मागितली आणि स्टारलिंक तिथे सुरू झालं. त्या सेवेने युक्रेनचं लष्कर, दवाखाने आणि रेल्वे उभी ठेवली, हे कुणी नाकारू नये.

पण त्याच वर्षी क्रिमियाच्या किनाऱ्यालगत सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती स्टारलिंकचे मालक इलॉन मस्क यांनी मान्य केली नाही. ती मान्य केली असती तर आपली कंपनी युद्धातल्या एका मोठ्या हल्ल्याची भागीदार झाली असती, असं त्यांनी २०२३ मध्ये स्वतःच सांगितलं. त्यांचा निर्णय कदाचित शहाणपणाचाही असेल. युद्ध भडकू नये असं वाटणं गैर नाही. माझं लक्ष दुसरीकडे जातं. एका देशाच्या आरमारी मोहिमेचा निर्णय त्या देशात झाला नाही, त्याच्या मित्रराष्ट्राच्या संसदेतही झाला नाही. एका कंपनीच्या मालकाने तो घेतला. मार्च २०२५ मध्ये पोलंडचे परराष्ट्रमंत्री सिकोर्स्की म्हणाले की युक्रेनच्या स्टारलिंकचे वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलर आमचा देश भरतो, आणि ही कंपनी बेभरवशाची ठरली तर आम्हाला दुसरी शोधावी लागेल. मस्क यांनी त्यांना गप्प बसायला सांगितलं, आणि स्टारलिंकला पर्याय नाही हेही ऐकवलं. पगार पोलंडचा, लढाई युक्रेनची, हुकूम कंपनीचा. मला इथे हिंगोलीचा रिसाला दिसल्याशिवाय राहिला नाही. त्याच आठवड्यात अमेरिकी सरकारने मॅक्सार कंपनीच्या उपग्रहांची छायाचित्रं युक्रेनला देणं काही दिवस थांबवलं. म्हणजे खासगी कंपनीच्या मागेही तिचं सरकार उभं असतंच. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार तर खासगी कंपनीच्या अवकाशातल्या कामाची जबाबदारी तिच्या देशावर असते, त्यामुळे असा हस्तक्षेप पुढेही होत राहणार.

आपल्यालाही हे धडे नवे नाहीत. कारगिलच्या वेळी जीपीएसची नेमकी माहिती आपल्याला मिळाली नाही, असं सांगितलं जातं. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य वापरासाठीच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, ही तर नोंदलेली गोष्ट आहे. त्यातून नाविक ही आपली दिशादर्शक प्रणाली आली. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला. पुढे त्याच्यातली आयात केलेली अणुघड्याळं एकेक करून बंद पडली. उपग्रह आपला, प्रक्षेपक आपला, आणि ज्याच्यावर सगळी मोजणी अवलंबून ते घड्याळ परक्याचं. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा आपलं स्वतःचं अणुघड्याळ बसलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पुढचा उपग्रह ठरलेल्या कक्षेत नेता आला नाही. स्वावलंबनाची वाट अशी अडखळत जाते. ती सोडून द्यावी असं मात्र त्यातून निघत नाही.

मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याची आठवण इथे काढायला हवी, कारण महाराष्ट्रात बाजारातल्या उपग्रह सेवेचा युद्धासारखा वापर त्या रात्री झाला. कुबेर या मासेमारी बोटीवर तपास यंत्रणांना थुराया उपग्रह फोन सापडला. हल्लेखोरांकडे जीपीएसची साधनं होती. पैसे भरले की मिळणारी सेवा वापरणाऱ्याचा हेतू विचारत नाही. त्यानंतर अशा फोनवर आपल्याकडे कडक बंधनं आली, आणि ढगांतून व अंधारात पाहू शकणारा रिसॅट-२ हा रडार उपग्रह, ज्याचं रडार इस्रायलकडून आलं होतं, २० एप्रिल २००९ रोजी घाईने सोडला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये मणिपुरात सुरक्षा दलांना बंडखोरांच्या शस्त्रांबरोबर स्टारलिंकचा शिक्का असलेली डिश सापडली, तेव्हा तर भारतात ती सेवा सुरूही झालेली नव्हती. भारतावर आमच्या लहरी बंद आहेत, असं कंपनीच्या मालकांनी सांगितलं. त्या बातमीनंतर सुट्टीवर आलेल्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, "सर, उद्या आमच्याकडं अन् समोरच्याकडं एकच डिश असली तर?" यावर माझ्याकडे लगेच द्यायला उत्तर नव्हतं.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला, त्या रात्री हिंगोलीतही लोक टीव्हीसमोरून उठत नव्हते. ज्यांची मुलं सैन्यात आहेत त्यांच्या ओट्यावर शेजारी येऊन बसत. ११ मे रोजी इस्रोचे अध्यक्ष नारायणन म्हणाले की देशाच्या सुरक्षेसाठी किमान १० उपग्रह अहोरात्र काम करत आहेत. ऐकून बरं वाटलं, आणि दहा हा आकडा एवढ्या मोठ्या सरहद्दीला किती अपुरा आहे हेही जाणवलं. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेली योजना महत्त्वाची आहे : सुमारे २७ हजार कोटी रुपयांत टेहळणीचे ५२ उपग्रह, त्यांतले २१ इस्रो बनवणार आणि ३१ खासगी भारतीय कंपन्या.

खासगी हा शब्द आला की माझ्या पिढीतले अनेकजण दचकतात. मला त्यात दचकण्यासारखं वाटत नाही. पीएसएलव्हीच्या मोटरचे भाग कित्येक वर्षं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात बनत आले, विकास इंजिन विक्रोळीच्या गोदरेजमध्ये. स्कायरूट या हैदराबादच्या नव्या कंपनीने आपल्या घन इंधन मोटरची चाचणी डिसेंबर २०२० मध्ये नागपूरला सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात घेतली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये देशातला पहिला खासगी अग्निबाण श्रीहरिकोट्याहून सोडला. या कंपन्यांचे मालक, कामगार आणि न्यायालयं इथेच आहेत. युद्धकाळात त्यांच्यावर देशाचा कायदा चालतो. निजामाचा प्रश्न फौज भाड्याची असण्यात नव्हता. भाडं देणाऱ्याला त्या फौजेवर हुकूम चालवता येत नव्हता आणि तिला काढूनही टाकता येत नव्हतं, ही त्याची अडचण होती.

परक्यांशी भागीदारी करूच नये, असंही मी म्हणणार नाही. आमच्याच जिल्ह्यात त्याचं चांगलं उदाहरण उभं राहतं आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया होणार आहे. एकमेकींशी काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांतून जाणारा लेसर, कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून उठणारी गुरुत्वीय लहर टिपण्यासाठी. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनशी करार ३१ मार्च २०१६ रोजीच झाला होता. यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेतून यायचे, जागा आणि बांधणी आपली, पुण्याच्या आयुकाचे शास्त्रज्ञ त्यात पहिल्यापासून. हा करार मला भरवशाचा वाटतो, त्याचं कारण सद्भावना एवढंच नाही. अमेरिकेतले दोन शोधक एकमेकांपासून फार लांब नाहीत. लहर आकाशात नेमकी कुठून आली हे ठरवायला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, तितकाच संवेदनशील शोधक लागतो. त्यांनाही आपली गरज आहे. एकाने हात काढला तर दुसऱ्याचंही शास्त्र अधुरं राहील.

एकाने हात काढलाच तर काय, हे वनवेबचा किस्सा सांगतो. भारती समूहाचं भांडवल असलेल्या या कंपनीचे उपग्रह रशियाच्या सोयुझ अग्निबाणांनी जायचे. मार्च २०२२ मध्ये रशियाने अटी घातल्या, उड्डाण रद्द झालं आणि ३६ उपग्रह बैकोनूरमध्येच अडकून पडले. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला आणि पुढच्या वर्षी २६ मार्चला इस्रोच्या एलव्हीएम-३ ने प्रत्येकी ३६ उपग्रह वर नेले. पर्याय हाताशी होता म्हणून कंपनी तरली. गंमत म्हणजे आपल्या जीसॅट-एन२ या ४,७०० किलोच्या उपग्रहासाठी आपल्यालाही नोव्हेंबर २०२४ मध्ये मस्क यांच्याच स्पेसएक्स कंपनीचा फाल्कन-९ घ्यावा लागला, कारण एवढं वजन त्या कक्षेत नेणारा अग्निबाण आपल्याकडे नव्हता. वर्षभरात, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, नौदलाचा ४,४१० किलोचा जीसॅट-७आर एलव्हीएम-३ नेच गेला. तेव्हा मला फार आनंद झाला.

आता पुन्हा वाशिम-धाराशिवच्या इरादापत्राकडे. केंद्राने मे २०२५ मध्ये उपग्रह सेवांसाठी सुरक्षेच्या नव्या अटी घातल्या : माहिती देशातच राहिली पाहिजे, संदेशांची ये-जा इथल्या केंद्रांतूनच व्हावी, सरहद्दीलगत ५० किलोमीटरच्या पट्ट्यात खास लक्ष ठेवता यावं, टर्मिनलांनी पुढे नाविकचा आधार घ्यावा. या अटी योग्य आहेत. त्या प्रामुख्याने ऐकण्याच्या आणि पाहण्याच्या हक्काबद्दल आहेत, म्हणजे सेवा कोण वापरतं ते सरकारला कळावं. सेवा अचानक थांबली तर सरकारच्या हाती काय उरतं, याचं उत्तर राज्याच्या करारातही हवं.

आणखी एक गोष्ट मला त्याहून जास्त अस्वस्थ करते. ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत रशियाच्या प्रतिनिधीने सांगितलं की लष्कराला मदत करणारे व्यावसायिक उपग्रह प्रत्युत्तराच्या हल्ल्याचं रास्त लक्ष्य ठरू शकतात. युद्धाचे नियम लष्करी वापराची वस्तू आणि नागरी वस्तू यांत फरक करायला सांगतात. एकच उपग्रह सकाळी आश्रमशाळेच्या वर्गाला आणि रात्री फौजेच्या ड्रोनला जोडत असेल तर हा फरक करायचा कसा? त्या जर्मन पवनचक्क्यांसारखंच आमच्या बाजार समितीच्या हळदीच्या लिलावाचं, तालुक्याच्या दवाखान्याचं, पूरकाळातल्या तहसील कार्यालयाचं होऊ शकतं. गावाला कल्पनाही नसेल की त्याची डिश कुणाच्या तरी युद्धात सामील आहे.

म्हणून शाळा, दवाखाने आणि पंचायतींची जोडणी पोलीस आणि सुरक्षा दलांच्या जोडणीपासून पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी. सुरक्षेचं काम शक्य तेवढं आपल्या ताब्यातल्या जीसॅटसारख्या उपग्रहांवर असावं, आणि जिथे परकी सेवा घ्यावीच लागेल तिथे दुसऱ्या कंपनीची डिश शेजारी तयार असावी. याचा खर्च वाढेल. गडचिरोलीतल्या पॉइंटवर असलेल्या मुलांसाठी तो करावा. करार किती मुदतीचा, मोडायचा झाल्यास कसा, आणि सेवा थांबवण्याचा अधिकार कुणाला, किती दिवसांच्या सूचनेने, हे विधिमंडळापुढे ठेवावं. इरादापत्र हा अंतिम करार नसतो. या अटी त्यात घालायला जागा आहे.